लोखंडाची मान

आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर चौथीत शाळा सुटली तेव्हा ते तिथंच राहिलं. मिरजेकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन मी तंजावूरला आले, त्याला पुष्कळ वर्षं झाली. इथं आमच्यासारखी मराठी बोलणारी जुनी घरं आहेत, पण ती वाचतात तमिळ. देवनागरी वाचणारं आमच्या गल्लीत कोणी नाही, म्हणून लिहायचा धीर होतो. जिच्याबद्दल लिहिते आहे तिलाही हे वाचता येणार नाही. हातात दिलंच, तर ती आधी कागदावर बोट वाकवून टकटक करील आणि कान लावून बघेल, वाजतो का.

कारण तुळजाक्का प्रत्येक गोष्ट वाजवून बघते. शेजारची फाटकं, देवळाच्या रांगेतले दांडे, तिरुवैयारुच्या बसमधला खांब, आमच्या ह्यांची नवी मोपेड. वाकलेल्या बोटाच्या गाठीनं दोनदा टकटक करायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "हे बीड, ओतीव लोखंड." "हे पोलाद, चांगल्या घरचं." "हा नुसता पत्रा. वर रंग, आत गंज." बसचा कंडक्टर तिला बघितलं की म्हणतो, "या पाट्टी, आज गाडी कशी आहे?" पाट्टी म्हणजे आजी. ती खांब वाजवून सांगते, "तिरुवैयारुपर्यंत जाईल. परत यायचं वचन मी देत नाही."

एकदा गल्लीतल्या लग्नात मुलाकडच्यांनी पुरुषभर उंचीची समई आणली. सगळ्या बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. अक्का पुढे झाली, टकटक केलं आणि भर मांडवात म्हणाली, "आत लोखंड आहे. वर पितळेचं पाणी." लग्न झालं, पण समई परत गेली. त्या घरचे लोक अजून तिला बघितलं की दागिने पदराआड घेतात.

तुळजाक्का आमच्या शेजारची. वय साठीच्या पुढे, बांध्यानं शेवग्याची शेंग. जन्मभर कोर्टात टायपिस्ट होती. नवरा, राव, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, ते गेले. एकच मुलगा, बाबू, तो चेन्नईला बँकेत. इथल्या मराठीत जुने शब्द अजून जिवंत आहेत, तशी ती 'मज' आणि 'तुज' म्हणते, आणि मधेच तमिळवर उडी मारते. मी गरीब ऐकणारी. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. कोणी काही विचारलं की मी मान हलवते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेल्डिंगचं वेड सुरू झालं ते तिच्या फाटकाची बिजागरी तुटली तेव्हा. बायपासच्या वाटेवर सेल्वमचं फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचं वर्कशॉप आहे. तो मशीन घेऊन आला, चेहऱ्यासमोर काळ्या काचेची ढाल धरली आणि ओरडला, "कण्णु!" म्हणजे डोळे. त्या प्रकाशाकडे बघायचं नसतं, म्हणून काम सुरू करायच्या आधी वेल्डिंगवाले तसं ओरडतात. आम्ही भिंतीकडे तोंड फिरवलं. सर्रर्र झालं, जळका वास आला, आणि बिजागरी जुळली.

अक्कानं फाटक वाजवलं. मग जोड वाजवला. मग पुन्हा फाटक.

"अरे," ती म्हणाली, "कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते कळत नाही."

"दोन्हीकडचं वितळून एक होतं, अम्मा. चिकटवलेलं नव्हे हे. वितळल्याशिवाय जोड नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या वर्कशॉपच्या दारात उभी. हातात इडलीचा डबा.

सेल्वमनं आधी हसून घेतलं. मग समजावलं. मग हात जोडले. "अम्मा, हे बायकांचं काम नव्हे, आणि म्हाताऱ्या बायकांचं तर मुळीच नव्हे. तुम्हाला काय फाटकं करायची आहेत?"

अक्कानं कोपऱ्यातल्या भंगारातून भाताचा एक मोडका विळा उचलला. "ही फाटकाची वस्तू आहे?"

"विळा आहे."

"भुवई आहे," अक्का म्हणाली. मग तिनं मोपेडची सायलेन्सरची नळी दाखवली. "हा हात." सायकलची चेन उचलली. "ही वेणी. इतकी माणसं तू ह्या ढिगात पुरून ठेवली आहेस आणि मज म्हणतोस, काय करायचं?"

सेल्वम नंतर मला म्हणाला, की ती निघून गेल्यावर त्यालाही त्या ढिगात नाकं-डोळे दिसायला लागले, आणि दिवसभर काम सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला आत घेतलं. इडल्यांचाही थोडा हात असावा.

शिकणं सोपं नव्हतं. वेल्डिंगची काडी लोखंडाला टेकवून पटकन किंचित उचलायची असते. जास्त उचलली तर विझते, कमी उचलली तर चिकटते. अक्काची चिकटायची. ती ओढायची, काडी सुटायची नाही, आणि ती लोखंडाला म्हणायची, "सोड की रे, मी काय तुझी सासू आहे?" पातळ पत्रा घेतला की भोक पडायचं. तिचा पहिला सबंध महिना भोकं पाडण्यात गेला. सेल्वम म्हणायचा, "अम्मा, जाळी छान झाली आहे. आता जोडायचं शिकू या?"

कपड्यांचाही प्रश्न आला. ठिणगी पदरावर पडली आणि बंद्या रुपयाएवढं भोक झालं. तेव्हापासून ती रावांची जुनी खाकी पँट, त्यांचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट आणि कपाळाला ठसठशीत कुंकू अशी निघायची. गल्लीतल्या माणसांनी आठ दिवस खिडक्यांतून बघितलं. नवव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पँट तिला बरी दिसते," आणि विषय मिटला.

'कण्णु!' मात्र तिनं घरी आणलं. नारळ फोडायच्या आधी 'कण्णु!' स्टोव्ह पेटवायच्या आधी 'कण्णु!' कोणाला वाईट बातमी सांगायची असली तरी आधी 'कण्णु!' एकदा तिनं आमच्या ह्यांना "कण्णु! तुमच्या वेष्टीला मागे डाग आहे," असं भर रस्त्यात सांगितलं. वेष्टी म्हणजे इथली लुंगी. हे आधी भिंतीकडे वळले, त्यामुळे डाग सगळ्या रस्त्याला दिसला.

मी एकदाच चुकून त्या उजेडाकडे बघितलं. चुकून म्हणजे, बघू नको म्हणाली म्हणून. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, लाल झाले, पाणी थांबेना. सासूबाईंना वाटलं मी रडते आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या पहिल्यांदा माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "कोण काय बोललं तुला? नाव सांग." मला इतकं बरं वाटलं की मी खरं कारण संध्याकाळपर्यंत सांगितलंच नाही.

मग सेल्वम म्हणाला, "अम्मा, हात बसला आता. पण माझं एकच मशीन, आणि गिऱ्हाइकं थांबतात. तुमचं स्वतःचं घ्या. हल्ली डब्याएवढं मिळतं."

त्या संध्याकाळी अक्का आमच्या ओट्यावर येऊन बसली. माझ्या हातात कोणाचा तरी ब्लाउज होता. मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. त्यातून थोडे पैसे बाजूला पडले होते, शिलाईच्या मशीनला मोटर बसवायची म्हणून. पायानं चालवून गुडघे दुखायला लागले होते. हे अक्काला ठाऊक होतं, कारण मोटर कुठली घ्यावी हे तिनंच सगळ्या मोटरी वाजवून ठरवलं होतं.

"शांते," ती म्हणाली, "कण्णु!"

मी मान खाली घातली.

"बाबूकडे मागितले तर तो मशीन देणार नाही, चेन्नईचं तिकीट देईल. पेन्शनमधून जमेल तसं जमेल, पण मज आता थांबवत नाही. तुझे मोटरचे पैसे देशील?"

आता आमच्या मिरजेकडे मान आडवी हलवली की त्याचा अर्थ नाही. इथं तंजावूरला मान दोन्ही खांद्यांकडे झुलवली की त्याचा अर्थ 'सरी', म्हणजे बरं. ह्या दोन हलवण्यांत फार फरक नाही, आणि माझी मान अजून मिरजेकडचीच आहे. मी ती हलवली. स्पष्ट 'नाही' म्हणून हलवली.

"सरी म्हणालीस! मज ठाऊक होतं," अक्का म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यानंतर तोंड उघडून नाही म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. मी आत गेले आणि पैसे आणून दिले. आमच्या दोन घरांत मिळून एकच मशीन येणार होतं. ते तिचं आलं.

तिनं ते परसात ठेवलं. ते सुरू झालं की गल्लीतले मिक्सर कण्हायला लागत आणि टीव्हीवरच्या बायका आखूड होत. तिची पहिली कलाकृती कावळा. बघणारे शेळी म्हणाले. दुसराही कावळा, तो बदक म्हणून खपला. ती नाउमेद झाली नाही. ज्यानं जे म्हटलं ते त्याला देऊन टाकलं. लोखंडाची भेट नको म्हणता येत नाही, कारण तोवर ती दारात ठेवलेली असते आणि एकट्याला उचलत नाही. आमच्याकडे मोर आला. त्याच्या पिसाऱ्यात ह्यांची वेष्टी दोनदा अडकली. हे आता त्याला वळसा घालून जातात आणि जाताना त्याच्याकडे रागानं बघतात, जणू तो जिवंत आहे.

पण हळूहळू जोड सुधारले. पूर्वी मुंग्यांच्या वारुळासारखी ढेकळं यायची. मग सरळ, एकसारखी, माशाच्या खवल्यासारखी रेघ येऊ लागली. हातोडीनं वरची काळी खपली उडवली की खाली चकचकीत रेघ. ती मला बोलवून दाखवायची. "बघ, तुझ्या शिवणीसारखी आली की नाही?" मी मान हलवायची. तेवढ्यासाठी ती मला दिवसातून तीनदा बोलवायची.

अशात बाबूचा फोन आला. तो चांगला मुलगा आहे, पण बोलताना बँकेसारखा बोलतो. म्हणाला, "अम्मा, सगळी गल्ली मला कळवते आहे. ह्या वयात आगीशी खेळ नको. नवरात्रात मी येतो. घर भाड्यानं देऊ, तू चेन्नईला चल. त्या लोखंडातून तोपर्यंत बघण्यासारखं एक काही निघालं, एकच, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"एकच?" अक्का म्हणाली. "सरी."

फोन ठेवून ती परसात गेली आणि बराच वेळ भंगार वाजवत बसली. चेन्नईचा फ्लॅट तिनं एकदा बघितला होता. आठव्या मजल्यावर. आल्यावर मला म्हणाली होती, "घर चांगलं आहे. टकटक केलं तर काहीच बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, की ती बाहुली करणार. इथली मान हलवणारी बाहुली तुम्हाला ठाऊक असेल. कागदाच्या लगद्याची, रंगीत, नाचणारी. धड वेगळं, डोकं वेगळं, आतल्या तारेवर तोललेलं, बोट लावलं की कितीतरी वेळ मान डुलवत राहते. नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, ते कोलु. त्यात ही नाही असं तंजावुरात घर नाही. अक्का ती करणार होती माणसाएवढी, लोखंडाची.

तिनं जी मेहनत केली ती मी बघितली आहे. तेलाचं पिंप कापून घागरा केला. सायलेन्सरचे हात. सायकलच्या दातेरी चकत्यांचे बाजूबंद. चेनची वेणी कंबरेच्या खाली. डोक्याला जुनी लोखंडी कढई, दोन विळ्यांच्या भुवया, बेअरिंगच्या गोळ्यांचे डोळे, नाकात नट. गावोगावचे लोक आपणहून मोडकी अवजारं आणून द्यायला लागले. कोणी नांगराचा फाळ दिला, कोणी पाण्याच्या पंपाची दोन पाती. त्यांची कानातली झाली. नवरात्र लागलं तेव्हा बाहुली अंगणात उभी होती, आणि खरं सांगते, रस्त्यानं जाणारे सायकलवरून उतरून बघत होते. चेहऱ्यावर असं हसू होतं, की हिला काहीतरी ठाऊक आहे आणि ती सांगणार नाही.

मानेचा जोड शेवटचा. अक्का तीन काड्या जाळून तो गोल फिरवत आली. सेल्वमनं बघितला आणि म्हणाला, "हत्ती लोंबकळला तरी तुटणार नाही." अक्कानं गल्लीसमोर मानेवर हातोडा मारून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर रोज पाहत होते.

नवमीच्या दिवशी इथं हत्यारांची पूजा असते. रिक्षावाल्यांच्या रिक्षा, दुकानांतले तराजू, माझं शिलाईचं मशीन, सगळ्यांना गंध लावून, कुंकू लावून, हार घालून बसवायचं. त्या दिवशी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. ते विश्रांती घेतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नव्यानं काम धरायचं. अक्कानं पहाटेच वेल्डिंगचं मशीन, काळी काच, कापायचं कटर, सगळं पाटावर मांडून पूजा केली. हार इतका मोठा की मशीन नवरदेवासारखं दिसत होतं.

मग बाबू आला. फाटकातच थबकला. बॅग खाली ठेवली आणि बाहुलीभोवती एक फेरी मारली. अक्का ओट्यावर उभी. मी कुंपणाच्या अलीकडे, हातात फुलांची परडी घेऊन. बाबूचा चेहरा मऊ झाला. आणि मग त्यानं तेच केलं जे इथं जन्मलेलं प्रत्येक मूल करतं. हात आपोआप वर गेला आणि त्यानं बाहुलीच्या कपाळाला बोट लावलं.

काही झालं नाही.

त्यानं जरा जोरात ढकललं. मग दोन्ही हातांनी. सबंध बाहुली कुरकुरली, पण मान ढिम्म.

"अम्मा," तो म्हणाला, "हिची मान हलत नाही."

अक्का खाली उतरली. बाहुलीची कढई वाजवली. मग खांदा. मग घागरा. डोळे मिटून.

"एकच आवाज," ती हळूच म्हणाली. "डोक्यापासून पायापर्यंत एकच. बाहुलीचे दोन पाहिजेत. मज जोडायचं शिकवलं, आणि मी जोडत सुटले. हिची मी घागर करून ठेवली."

बाबू काही वाईट हसला नाही. पण हसला. "पुतळा म्हणून चांगली आहे, अम्मा. देवळासमोरच्या पोलिसासारखी. पण बाहुली म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग काप आणि बसव नीट."

अक्कानं पाटावरच्या हत्यारांकडे बघितलं. गंधाचे टिळे अजून ओले होते. "आज नव्हे. आज ती बसली आहेत."

"उद्या संध्याकाळची गाडी आहे. दोन तिकिटं काढली आहेत मी."

"मग उद्याची सकाळ आहे की," अक्का म्हणाली आणि त्याच्यासाठी कॉफी करायला आत गेली. कॉफी ओतायच्या आधी 'कण्णु!' म्हणाली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. द्रोणातून चुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन जी ती अंगणात थांबायची, बाहुलीच्या कपाळाला बोट लावायची, वाट बघायची आणि म्हणायची, "फार मजबूत आहे हो." अक्का ताठ उभी राहून प्रत्येकीला सांगत होती, "आज तिचा उपास आहे. उपासाला ती मान हलवत नाही." सासूबाईंना ते खरं वाटलं. त्यांनी बाहुलीला नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी मी दार उघडलं तर अक्का आंघोळ करून, ओले केस बांधून, खाकी पँटमध्ये तयार. सेल्वम पूजेचे चुरमुरे आणि गूळ घेऊन आला होता. त्याच्याबरोबर त्याचं एक गिऱ्हाईक, बायपासवर नवं हॉटेल काढणारे, कपाळभर विभूती लावलेले गृहस्थ. त्यांना फाटकाचं माप द्यायचं होतं, वाटेत थांबले. बाबू ओट्यावर पेपर धरून बसला होता. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

अक्कानं मशीनच्या पाया पडून हार उतरवला. कटर लावलं आणि हत्तीला न तुटणारी मान कापली. ठिणग्यांचा पाऊस पडला. डोकं सेल्वमनं धरून खाली ठेवलं. मग तिनं धडात वरच्या बाजूला एक टोकदार सळी उभी केली, कढईच्या आत त्या टोकावर बसेल अशी एक वाटी, आणि कढईपासून खाली, धडाच्या पोटात लोंबेल असं तराजूचं एक जुनं वजन लावलं. सगळं मनात ठरलेलं होतं. रात्रभर तिनं हात न लावता केलेलं काम असावं ते.

"शांते, इकडे ये."

मी गेले.

"आज दसरा. नवी विद्या आजच धरायची. ही काडी धर. सळीच्या बुडाशी एक टाका मार."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"सरी म्हणाली!" अक्का सगळ्यांना म्हणाली, आणि माझ्या हातात मोजे चढवले, ढाल दिली, पाठीमागे उभी राहिली. "कण्णु!"

अंगणातली सगळी माणसं भिंतीकडे वळली. बाबू, सेल्वम, विभूतीवाले गृहस्थ, आमचे हे, सासूबाई. शाळेत शिक्षा झाल्यासारखी रांग. माझी काडी चिकटली. "ओढ," अक्का कानाशी म्हणाली, "तिला सांग, मी तुझी सासू नव्हे." सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "ऐकलं मी." मी ओढली, पुन्हा टेकवली, आणि त्या काळ्या काचेत हिरवा सूर्य उगवला. लोखंड मधासारखं हललं. काडी उचलली तेव्हा एक टाका बसला होता. वाकडा, पण बसला होता. तो अजून तिथंच आहे, आतल्या बाजूला. बाकीचा जोड तिनं पुरा केला.

मग सेल्वम आणि बाबू दोघांनी कढई उचलून टोकावर ठेवली. अक्का पुढे झाली. डोकं वाजवलं. घागरा वाजवला. डोळे मिटलेले.

"दोन," ती म्हणाली.

आणि कपाळाला बोट लावलं.

इतकं जड डोकं, पण असं हललं की वाऱ्यावर शेवंती हलावी. आधी पुढे-मागे, मग दोन्ही खांद्यांकडे, चेनची वेणी पाठीवर खुळखुळत, कानातली पाती चमकत. हो म्हणते की नाही म्हणते कळेना, पण काहीतरी म्हणत होती आणि सगळ्यांना पटत होतं. मी बघितलं, विभूतीवाल्यांची मान तिच्याबरोबर डुलायला लागली होती. मग सेल्वमची. मग आमच्या ह्यांची. सगळं अंगण मान डोलवत उभं. बाबूनं ती थांबायच्या आत पुन्हा बोट लावलं. थांबली की पुन्हा. लहान होता तेव्हा असाच असेल.

"कोणी शिकवलं ह्यांना?" गृहस्थांनी विचारलं.

इतके दिवस सेल्वम गिऱ्हाइकांना सांगायचा, ही बाई नुसती बसायला येते. आता त्यानं छाती काढली. "मी. माझीच शिष्या."

"मला अशा दोन पाहिजेत. हॉटेलच्या दोन बाजूंना. येणाऱ्याला या म्हणतील आणि जाणाऱ्याला पुन्हा या."

अक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "वेळ लागेल. आणि भंगार मी निवडणार."

संध्याकाळच्या गाडीनं बाबू एकटाच गेला. दुसऱ्या तिकिटाच्या जागेवर त्यानं एक लोखंडी कावळा नेला. चेन्नईत सगळे त्याला कावळाच म्हणतात, असं त्यानं फोनवर सांगितलं. अक्का म्हणाली, "मोठ्या शहरात नजर चांगली असते लोकांची."

हॉटेलच्या बाहुल्या पोंगल उलटून गेल्यावर झाल्या. बायपासवर बस हळू होते, आणि खिडकीतली माणसं माना डोलवतात ते मी स्वतः बघितलं आहे. कंडक्टर ओरडून सांगतो, "आमच्या पाट्टीच्या आहेत!"

त्यानंतर एका दुपारी अक्का आमच्या ओट्यावर आली. पँट नव्हती, रेशमी काठाचं लुगडं होतं, आणि तबकात विडा, फुलं, केळी आणि त्यावर एक पाकीट. पाकीट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मोटरचे. पुरे आहेत. आता माझं मशीन माझं झालं." मी उठायला लागले, तर हात धरून बसवलं.

"कण्णु," ती म्हणाली. ह्या वेळी ओरडली नाही. मी मान खाली घातली.

"राव असताना मी दिवसभर बडबडायची. कोर्टातलं, भाजीवाल्याचं, सगळं. ते चित्र काढत बसायचे आणि मान हलवायचे. ऐकत होते की नाही, देव जाणे. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात म्हणायची, आंबट वरणात मीठ जास्त झालं का. आणि घरात काहीच हलायचं नाही. तेव्हापासून मी भिंती वाजवायला लागले, शांते. निदान आवाज तरी येतो."

बाहेर तिच्या अंगणात बाहुली वाऱ्यानं जराशी डुलत होती.

"त्या दिवशी मी पैसे मागितले, तेव्हा तू नाही म्हणून मान हलवलीस. मज कळलं होतं. इतकी वर्षं शेजारी राहते, तुझं 'नाही' मज कळत नाही?" तिनं माझा हात सोडला नाही. "पण हलली ना. माझ्या बोलण्यावर कोणाची तरी मान हलली. मग मी म्हटलं, सरी."

मी पाकीट बाजूला ठेवलं.

"आता देणं संपलं," ती म्हणाली. "आता तुज माझ्याकडे यायला काही कारण उरलं नाही. तरी येशील?"

माझी मान हलायला निघाली होती. मी ती थांबवली. मान हलवली तर तिला काय वाटेल कोण जाणे.

"येईन," मी तोंडानं म्हणाले, चांगलं मोठ्यानं. आतून सासूबाई बघायला आल्या, कोण बोललं म्हणून.

अक्कानं मला पाकीट उघडायला लावलं आणि नोटा मोजून होईपर्यंत समोर बसून राहिली. पैसे पुरे फिटले.